अकरा सेकंदांचा पहारेकरी

आमचे भावजी, म्हणजे माझा धाकटा दीर. वय चोपन्न, लग्न केलं नाही, आणि एका जागी स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. सिनेमात माणूस चालतो, पडतो, मार खातो, त्याचे आवाज भावजी काढतात. चित्रीकरणाच्या वेळी ते नीट टिपले जात नाहीत, म्हणून नंतर बंद खोलीत पडद्याकडे बघत हे महाशय स्वतः चालतात आणि धडपडतात. माझ्या स्वयंपाकघरातून कोबीचे गड्डे नाहीसे व्हायला लागले की मी समजून जाते, मारामारीचा सिनेमा आला! ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या कोबीवर बुक्की मारली की हुबेहूब माणसाला मारल्यासारखं वाटतं म्हणे.

स्टुडिओतल्या त्यांच्या खोलीत चपला-बुटांचे चाळीस जोड आहेत. नायकाला वेगळा, नायिकेला वेगळा, खलनायकाला वेगळा. जे नुसते मरायला येतात, त्या सगळ्यांना मिळून मात्र एकच. त्याला तिथे सरळ ‘मरणाऱ्यांचा जोड’ म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे एका हेराचा सिनेमा आला. दिग्दर्शक वयानं लहान आणि त्याचा एकच घोषा, सगळं खरं हवं. नायक उडी मारून पळायचा नाही, लंगडायचा. भावजी हरखले आणि तिथेच चुकले. हेर पळून जाताना फाटकावरच्या पहारेकऱ्याचा गळा आवळतो. पहारेकरी पडद्यावर अकरा सेकंद. भावजींनी त्याला मरणाऱ्यांचा जोड दिलाच नाही. एक टाच झिजलेले जुने बूट शोधून काढले आणि किंचित पाय ओढत चालले. शेवटी घशात अडकलेला एक श्वास.

त्या दिवशी ते डबा विसरले म्हणून मी स्टुडिओत गेले, तर निर्माते आणि दिग्दर्शक तेच ऐकत होते. मी मागे बसले. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेला माणूस मला ऐकू आला, आणि तो मेला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

निर्माते ताडकन उठले. "अहो, यात तर आपला हिरो खुनी वाटतोय!"

"खूनच केलाय त्यानं," भावजी म्हणाले.

"देशासाठी केलाय!"

"पण मेला तो मेलाच ना?"

दिग्दर्शक खाली बघत म्हणाला, "काका, लोकांनी पुढे दीड तास त्याच्या बाजूनं राहायला हवं. ती पावलं काढून टाका. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागेल."

चार दिवस भावजी घरात येरझारा घालत होते. जेवताना उठायचे, अर्धा चहा तसाच टाकायचे. त्यांच्यामुळे माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

"बसा हो भावजी, मला गरगरायला लागलंय."

"नाही म्हणालो, तर परत कुणी बोलावणार नाही वहिनी. आणि मला दुसरं येतं तरी काय?"

"मग काढून टाका ना!" मी वैतागून म्हणाले. "सिनेमाच आहे. खरंच कोण मेलंय त्यात?"

ते थबकले. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि स्टुडिओत निघून गेले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सिनेमा लागल्यावर भावजी आणि मी बघायला गेलो. थिएटर खचाखच भरलं होतं. नायक अडकला होता, मागून गाड्या येत होत्या. पळ रे बाबा, पळ! मध्येच कुणीतरी आडवं आलं, नायकानं त्याला लोळवलं, ढणढण संगीत सुरू झालं आणि फाटक उघडलं. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं.

तो पहारेकरी होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वळून बघितलं, तर भावजींची नजर पडद्यावर नव्हतीच, माझ्या हातांवर होती.

मी हात थांबवले.

"वाजवा, वहिनी," ते हळूच म्हणाले. "त्याचसाठी काढून टाकलीत ना त्याची पावलं."