पानकराला न विचारलेली तारीख

तलावाच्या पाळीवर चढून मी खाली बघितलं. पाणी नव्हतं. मधोमध डबक्याएवढं काहीतरी चमकत होतं, बाकी सगळा चिखल. मागे ट्रकमध्ये नागपूरच्या एका क्लबकडून मागून आणलेल्या चार कयाक होत्या आणि जीपमधून निवड समितीचे निरीक्षक उतरत होते.

"रेस कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी खालच्या चिखलाकडे बोट दाखवलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी भंडाऱ्याला क्रीडा खात्यात नोकरीला होतो. कयाक म्हणजे एकट्याने बसून, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. ती आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती, पण डोंगा, म्हणजे साधी लाकडी होडी, हाकणारे गावोगाव होते. म्हणून आमच्या साहेबांनी हौशी निवड स्पर्धा ठरवली. कारध्याजवळ वैनगंगा होती, पण वाहत्या पाण्यातली वेळ निवडीला धरत नाहीत. म्हणून लाखांदूरकडच्या एका गावचा तलाव घेतला.

त्याच गावचा नीलकंठ. क्लबची एक कयाक नेऊन घेतलेल्या सरावात त्याची वेळ बघून मी स्टॉपवॉच बिघडलं की काय म्हणून कानाशी धरलं होतं, मग त्यालाही ते आकडे दाखवले होते. राज्याच्या शिबिरात तो जाणार, यात मला शंका नव्हती. फक्त वयाची अट होती आणि त्याचं हे शेवटचं वर्ष होतं.

पहिली तारीख दसऱ्याआधीची होती. साहेब म्हणाले, "त्या दिवशी मोहाडीला कबड्डी आहे. पंच तेच, लाऊडस्पीकर तोच. पुढे ढकला."

ढकलली. दुसऱ्या तारखेला दुर्गेचं विसर्जन निघालं. पुन्हा ढकलली.

"दिवाळीनंतर?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटकं चालतात. मग कुत्रंसुद्धा यायचं नाही तुमच्या रेसला."

मग मी भिंतीवर मोठा तक्ता लावला. कबड्डी लाल पेन्सिलने, उत्सव निळ्याने, आठवडी बाजार हिरव्याने. त्यात दिवाळीआधीचा एक रविवार कोरा सापडला. मी इतका खूश झालो की शिपायाला बोलावून तो चौकोन दाखवला. गावाला कार्ड टाकलं, निरीक्षकांची वेळ घेतली. तक्त्यात सगळ्या जिल्ह्याचे कार्यक्रम होते, फक्त ज्या पाण्यावर रेस व्हायची त्याचा नव्हता.

पाळीवरून नीलकंठ चालत आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले.

"अरे, पाणी कोणी सोडलं?" माझा आवाज चढला होता.

"मीच सोडलं, सायेब."

 मग कळलं, तो गावचा पानकर होता. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी जायचं, हे पानकर बघतो. बापानंतर ते काम त्याच्याकडे आलं होतं. मी त्याची उंची, वजन, छाती, सगळं फॉर्मवर लिहून घेतलं होतं. धंदा विचारला नव्हता.

"आजची रेस तुला माहीत नव्हती?"

"कार्ड काल भेटलं. पानी आठ दिसांपासून चालू आहे. धान निसवून राहिलं, लोंब्या बाहेर पडून राहिल्या, पाऊस आला नाई. गावानं पानी मांगलं."

"थोडं राखता आलं असतं ना? तुझं शेवटचं वर्ष होतं रे."

"मले मालूम आहे. पन तोंडावरच्या धानाले पानी नाई म्हनू कसा? माह्या रेससाठी कोनाचं धान वाळवू?" त्याने पायाचा चिखल गवताला पुसला. "तुमी दोनदा तारीख देली तवा तलाव तुडुंब होता, सायेब."

निरीक्षकांना मी हात जोडले. दुसरा तलाव बघू म्हटलं. त्यांनी घड्याळ बघितलं, कागदावर 'स्पर्धा झाली नाही' असं लिहिलं आणि चहासुद्धा न घेता गेले. कयाक ट्रकमधून उतरल्याच नाहीत. मला स्वतःची इतकी लाज वाटली की परतल्यावर मी आधी भिंतीवरचा तक्ता काढला.

पुढच्या वर्षी तक्ता लावायच्या आधी मी नीलकंठकडे गेलो. त्याने पाळीवर उभं राहून पाणी बघितलं, आभाळ बघितलं आणि तारीख दिली. त्या तारखेला मोहाडीला कबड्डी होती. मी कबड्डी पुढे ढकलायला लावली.

रेस झाली. नीलकंठचं वय उलटलं होतं, म्हणून झेंडी त्यानेच दाखवली. पहिला आलेला पोरगा काठाला लागला तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"किती लागले?"

मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं. त्याने आकडे नीट वाचले.

"माह्याहून लय जास्त आहे," तो म्हणाला आणि पाण्याची पातळी बघायला पाळीने निघून गेला.