मोरीच्या पाण्यावरचं अळू

सगुणाबाईंना एका जागी बसणं मुळातच ठाऊक नव्हतं. पण पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी जी येरझार घातली, ती बघून नेरूळच्या बैठ्या घरांच्या त्या ओळीतल्या बायका म्हणायला लागल्या, म्हातारीच्या पायाला भिंगरी लागलीय. भिंगरी कसली डोंबलाची! डास लागले होते, डास!

झालं होतं असं. सून सुमेधा पहिल्या बाळंतपणाला दादरला माहेरी गेली. मुलगी झाली, बारसं झालं, चैत्र सरत आला, तरी सुमेधाची आई जयमालाबाई लेकीला परत पाठवायचं नाव काढीनात. त्या मागे एकदा नेरूळला आल्या होत्या. मागच्या अंगणात चहा घ्यायला बसल्या आणि पाय खाजवत खाजवत परतीच्या बसला गेल्या. ते त्या विसरल्या नव्हत्या. सगुणाबाईंचा मुलगा नंदकिशोर दर शनिवारी ऑफिसमधून परस्पर दादरला लेकीला बघायला जायचा आणि येताना तोच निरोप आणायचा.

"आई, त्या म्हणतात, आधी डासांचा बंदोबस्त करा, मग बाळाला न्या. नाहीतर दिवाळीनंतर बघू."

"दिवाळी? तोवर पोर रांगायला लागेल रे! मला ओळखेल तरी का ती?"

नातीला त्यांनी बारशाला तेवढं मांडीवर घेतलं होतं. नाक थेट गेलेल्या नवऱ्याचं. तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग सुरू झाली लढाई. दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. तिनं भागेना म्हणून दुकानातून अंड्यांचे रिकामे ट्रे आणून जाळले. घरभर धूर, नंदकिशोर खोकून बेजार, आणि डास आपले खुशाल कानाशी गुणगुणताहेत. गटारात रॉकेल ओतलं. अंगणात, पलंगाखाली, देवघरापाशीसुद्धा कॉइल लावली. काही म्हणून उपयोग नाही. बाई आळीपाळीनं सगळ्यांना शिव्या घालायच्या. आधी खाडीला, मग पलीकडच्या भरावावरच्या डबक्यांना, मग हे शहर वसवणाऱ्यांना. शेवटी नजर गेली शेजारच्या काशीच्या पिंपावर.

काशी साताऱ्याकडची, नवरा कारखान्यात. नळाला पाणी धड येत नव्हतं, म्हणून तिनं मागच्या दारी मोठं पिंप भरून ठेवलेलं. एके दुपारी काशी रेशनला गेलेली बघून सगुणाबाईंनी कुंपण ओलांडलं, पिंपाचं झाकण काढलं आणि सगळं पाणी ओतून दिलं. काशी परत आली ती कडाडलीच.

"आक्का, दोन दिस नळाला टिपूस न्हाय, आन् तुमी पिंप उलटं केलं? डास व्हते त्यात? बघितलंसा?"

बघितलं होतं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. पण कबूल करतील तर त्या सगुणाबाई कसल्या!

"नव्हते, पण झालेच असते," असं म्हणून त्यांनी धाडकन दार लावून घेतलं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

दर शनिवारी नंदकिशोरबरोबर दादरला डबा जायचा, अळूवड्यांचा. घरचं अळू ना! गुहागरचं घर बंद करून मुलाकडे आल्या, तेव्हा त्यांनी परसातले अळूचे कांदे ओल्या फडक्यात बांधून आणले होते. आल्या आल्या नंदकिशोरला कामाला लावलं. "एवढं चांगलं पाणी गटारात सोडता? शुद्धीवर आहात का रे?" मोरीचा पाइप गटारातून काढून अळवाकडे वळवला. गावी प्रत्येकाच्या परसात हेच. अळू असं माजलं, की पानाखाली पोर उभं राहावं. येणाजाणाऱ्याला बाई हौसेनं दाखवायच्या.

त्या शनिवारीही सकाळी त्या विळा घेऊन अळवात शिरल्या. विहीणबाईंचं मन वळवायचं, म्हणून खास मोठी पानं हवी होती. पार मागच्या, भिंतीकडच्या देठाला हात घातला मात्र, भस्सकन डासांचा ढग तोंडावर आला! नाकात डास, डोळ्यांत डास. त्यांनी पानं बाजूला सारून खाली पाहिलं. मोरीचं काळं पाणी साचलेलं, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या.

गावची तांबडी माती पाणी घटाघटा पिऊन टाकायची. ही भरावाची माती ते तोंडातच धरून बसली होती. आणि आपण अख्ख्या जगाला शिव्या घालत फिरलो! काशीचं पिंप आठवलं आणि शरमेनं कानशिलं तापली.

अळू उपटायला मात्र हात धजेना. नवरा गेला, घराला कुलूप लागलं, विहीर सुटली. बरोबर आलं ते एवढंच. सासूनं लावलेलं अळू ते. पण नातीचं नाक डोळ्यांपुढे आलं, आणि बाईंनी पदर खोचून पहिला गड्डा उपसला. उपसता उपसता रडत होत्या.

"सरा आक्का. कमरंला झेपायचं न्हाय तुमच्या." कुदळ घेऊन काशी कुंपणातून आत आली होती.

"काशी, तुझं ते पिंप..."

"ऱ्हाऊ द्या आता. ते कांदं तिकडं पोत्यात ठिवा."

दुपारपर्यंत कोपरा मोकळा झाला. नंदकिशोरनं रविवारी पाइप पुन्हा गटाराला जोडला. डबा काही त्या शनिवारी गेला नाही. निरोप गेला, एकदा येऊन बघा.

पुढच्या पंधरवड्यात जयमालाबाई आल्या. संध्याकाळी त्याच अंगणात, त्याच खुर्चीवर, लुगडं घोट्यापर्यंत ओढून बसल्या. सगुणाबाई कॉइल घेऊन त्यांच्याभोवती फिरताहेत, पंख्यानं वारा घालताहेत. तेवढ्यात जयमालाबाईंनी दंडावर चापट मारली.

"एकच होता हो!" सगुणाबाई कळवळून म्हणाल्या. "अगदी एकच! खाडीचा असेल."

जयमालाबाई कोपऱ्याकडे बघत होत्या. "अळू कुठे गेलं तुमचं?"

"काढलं. त्यातच होते मेले."

"सगळं? गावाहून आणलेलं?" जयमालाबाई मूळच्या चिपळूणच्या. त्या उठून मोकळ्या कोपऱ्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "कांदे फेकलेत की आहेत?"

"पोत्यात आहेत. फेकवले नाहीत."

"एक द्या मला. आमच्या गॅलरीत कुंडी रिकामी आहे. रविवारी सुमेधाला आणि बाळाला घेऊन येते, तोवर त्याला कोंबही फुटेल. वड्यांना पानं लागली की माझ्याकडून मागवा."

सगुणाबाई धावत आत गेल्या. चांगला मोठा कांदा निवडून ओल्या फडक्यात बांधला आणि विहिणीच्या हातात दिला. हात मात्र सुटेना.

"पाणी बेतानं घाला हो," त्या म्हणाल्या. "साचू देऊ नका."