नितीन वाटेत आहे

बातमी कळली तेव्हा माझ्या मोबाइलवर, पिवळ्या पट्टीत, 'नितीन – वाटेत' असं लिहिलेलं होतं. कानाला ऑफिसचा फोन होता. त्यातून कुणी अनोळखी माणूस सांगत होता की, आरे-वारेच्या रस्त्यावर एक गृहस्थ मोटारसायकल लावून कठड्यावर बसले होते, ते बसल्या जागीच कलंडले, दवाखान्यात आणलं पण उशीर झाला होता, खिशातल्या कार्डावर हा नंबर मिळाला... मी त्याला म्हणाले, "अहो, तुमची काहीतरी चूक होतेय. तो वाटेत आहे." पुरावा होता ना माझ्यासमोर! गणपतीपुळ्याहून निघताना त्याने नेहमीसारखं आमच्या अ‍ॅपवर 'निघालो' दाबलं होतं. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, सकाळी माझ्या डब्यातली घावनं न विचारता फस्त करून गेलेला माणूस. आज इतके आठवडे उलटले. मी हे लिहितेय खरी, पण मला अजून ते पटलेलं नाही.

नितीन आणि मी रत्नागिरीत मोबाइल अ‍ॅप बनवायचं छोटंसं ऑफिस चालवायचो. पोट भरायचं ते हॉटेलांच्या बुकिंगवर, पण नितीनचा जीव होता तो 'निघालो-पोचलो'मध्ये. तो होड्यांवर जाणाऱ्यांच्या घरातला. समुद्रावर जाणाऱ्याने निघताना एक बटण दाबायचं, बंदराला लागल्यावर दुसरं, की घरच्यांना आणि शेजारपाजाऱ्यांना कळतं. बस्स, एवढंच ते अ‍ॅप. नितीन स्वतः रस्त्याने कुठे निघाला तरी तेच दाबायचा. आता अ‍ॅपमधली बटणं, अक्षरांच्या चौकटी, याद्या या सगळ्या वस्तू आयत्या मिळतात. रुंदी, उंची, रंग, कडेला किती जागा सोडायची, असे त्यांचे ठरलेले गुणधर्म असतात आणि आमच्या धंद्यातले बहुतेक लोक तेवढ्यावर भागवतात. नितीनचं भागायचं नाही. तो आयत्या बटणाला आपल्या पदरचे गुणधर्म जोडत बसायचा आणि त्यांना मराठी नावं द्यायचा. एकाचं नाव 'ओला हात'. मासळी विकणाऱ्या बाईचं बोट बर्फाने बधिर झालेलं असतं, निथळत असतं, नेम चुकतो. म्हणून हा गुणधर्म लावला की बटण दिसायला तेवढंच राहतं, पण आजूबाजूची जागाही बटणच समजली जाते. ते जमलंय का बघायला हा पठ्ठ्या तांब्यात हात बुडवून यायचा आणि माझ्या की-बोर्डावर शिंतोडे उडवायचा. "मेल्या, तुझा तांब्या एक दिवस खिडकीतून फेकते बघ," मी ओरडायचे. तो खुशाल हसायचा.

आमचं खरं भांडण झालं ते 'जागा राखा'वरून. आयत्या यादीत नवी नावं आली की जुनी खाली सरकतात, दिवस बदलला की जातात. नितीनने यादीतल्या ओळीला हा गुणधर्म जोडला. माणूस पोचेपर्यंत त्याची ओळ जागची हलायची नाही. आणि 'पोचलो' हे बटण फक्त ज्याचं नाव त्याच्याच फोनवर. मी म्हटलं, कुणी दाबायला विसरला तर? "घरचे शिव्या घालतील, मग दाबेल." आणि फोनच पाण्यात पडला तर?... त्यावर त्याने घरची गोष्ट सांगितली. तो लहान असताना वादळात त्याच्या वडिलांची होडी परतली नव्हती. लोक सांत्वनाला यायला लागले, आणि आईने एकालाही दारात रडू दिलं नाही. जो येईल त्याला एकच, "वाटेत आहेत." वडील आले, दुसऱ्याच बंदराला लागले होते. "आईने तेव्हा लोकांचं ऐकलान असतं, तर बाबांना दार कुठच्या तोंडाने उघडलान असतं?" नितीन म्हणाला. "समुद्रावरच्या माणसाचं नाव आपण नाही काढायचं. तो येईल आणि काढील." मी हात टेकले आणि तो गुणधर्म राहिला.

तोच गुणधर्म आता माझ्या उरावर बसला. रोज सकाळी यादी उघडावी तर सगळ्यांत वर ती पिवळी ओळ. होड्या जात होत्या, येत होत्या, नावं लागत होती, निघत होती, आणि वर हा आपला वाटेतच. बंदरावरून एकाचा फोन आला, "ताई, ता नाव काढा ओ. बघवत नाय." खरं तर मिनिटाचं काम. मी लॅपटॉप उघडायचे आणि मिटायचे. शेवटी ठरवलं, सुमनमावशींना, म्हणजे त्याच्या आईला, विचारून काढू.

मावशी पडवीत बोंबील साफ करत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "माझ्या फोनावर पण दिसतंय तो." हात धुऊन आत गेल्या आणि नितीनचा फोन घेऊन आल्या. त्याला कधीच कुलूप नसायचं. "रोज चार्जिंगला लावतंय," त्या म्हणाल्या, "बंद पडला तर..."

"मावशी, मी ऑफिसातून नाव काढते. तुम्हाला काही करायला नको."

"नको गो बाय. त्यानेच ठरवलान ना, ज्याचा त्याने काढायचा? मग त्याच्याच फोनावरून जाऊ दे." त्यांनी फोन मांडीवर घेतला. "त्याच्या बापाची वाट बघितलंय मी. याची पण बघितलंय इतके दिवस. पण याच्या तोंडात तुळशीचा पाणी मीच घातलंय ना..."

मावशींनी बोट उचललं. ते ओलं होतं, डोळे भरलेले, दिसत काही नसणार. बोट बटणाच्या पार बाहेर, कडेला टेकलं. मावशी, जरा अलीकडे, असं मी सांगणार होते.

सांगावं लागलं नाही. बटणाने त्यांचं बोट ओळखलं.

माझ्या पिशवीत फोन वाजला. मी तो बाहेर काढला नाही. बंदरावरच्या घराघरांत त्याच वेळी तेच वाजलं असणार, 'नितीन पोचला'. मावशींनी पदराने काच पुसली आणि तो फोन पुन्हा चार्जिंगला लावला.