बिनकुलपाचे भाऊ

भाऊंना कुलूप पाहिलं की चीड यायची. इतवारीत त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. कपाटाला कुलूप नाही, ड्रॉवरला नाही, संडासाची कडीसुद्धा त्यांनी काढून टाकलेली. "आपल्याच माणसाईत कुलूप काहून लागते गा?" हे ठरलेलं वाक्य. किती मोठ्या मनाचा मालक, असं नवीन कामाला लागलो तेव्हा मलाही वाटलं. मग एका दुपारी ते माझ्याच पिशवीतला डबा काढून भरली वांगी खाताना दिसले. "बायकोले सांग, मीठ कमी पडलं," म्हणाले.

तोंड असं, की गिऱ्हाईकसुद्धा सुटायचं नाही. मी केलेली पहिली पत्रिका पाहून म्हणाले, "हे लग्न आहे का रेशन दुकानाचा फलक?" पण कुठलं अक्षर कुठे शोभतं ही नजर मला त्यांनीच दिली, शिव्या घालून दिली. खोटं कशाला बोलू, माणूस मला आवडायचा.

आमच्यात सर्वांत जुनी सुनंदाताई. दुकानातले बहुतेक नमुने तिनेच केलेले. ते भाऊंच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये असायचे आणि आम्ही सगळे आपापल्या मशीनवरून तो उघडायचो. अर्थात पासवर्ड नाही. ताईचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर.

ऐन लग्नसराईत एका सकाळी ती म्हणाली, "भाऊ, फोल्डर उघडून नाही राहिलं."

"काय दाबलं वं तू?"

"काहीच नाही. रात्री अपडेट झालं, आपोआप."

"आपोआप त दूधही उतू जात नाही. कोणीतरी गॅस लावला राहते." आणि सगळ्यांसमोर, "उद्यापासून येऊ नको."

"भाऊ, घरी हे पडून आहेत. तुमाले माहीत आहे."

"मंग बस न त्याईच्यापाशी."

दुपारपर्यंत मला घोळ सापडला. अपडेट आमच्या सगळ्यांच्याच मशीनवर आलं होतं, ताई फक्त सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. अपडेटनंतर मशीन बिनपासवर्डचा फोल्डर उघडायलाच तयार नव्हतं. म्हणजे चूक कोणाची असेल तर भाऊंच्या त्या लाडक्या वाक्याची. मी तसं तोंडावर सांगितलं.

"लाव मंग पासवर्ड," भाऊ म्हणाले.

"आणि ताई?"

"हाकललेल्या माणसाले परत बोलावलं त बाकीचे डोक्यावर बसतात."

संध्याकाळी मी ताईला फोन करून सगळा घोळ सांगितला. "मले माहीत होतं गा," एवढंच म्हणाली.

त्यानंतर भाऊंना कुलपाचा असा लळा लागला, की विचारू नका! पासवर्ड त्यांनी स्वतः बदलला, आपल्या मशीनलाही तोच घातला आणि कोणालाच सांगितला नाही. रोज सकाळी आम्ही हात बांधून बसायचो. भाऊ यायचे, तळहाताआड टाइप करायचे, मग दुकान सुरू.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ बसल्या जागी गेले. तेरवीची पत्रिका त्यांच्या आवडत्या नमुन्यातच हवी, असा मुलाचा हट्ट. मशीन पासवर्ड मागत बसलं. देवांची नावं झाली, नातवंडांची झाली, काही लागेना. नमुना मुळात ताईचा, तिच्याकडे प्रत असणारच. शेवटी मुलाला घेऊन मी प्रताप नगरला गेलो. तिथे आता तिचं स्वतःचं छोटं दुकान आहे.

ताईने पत्रिकेसाठी आणलेला भाऊंचा फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मग कॉम्प्युटरकडे वळली आणि एक बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र गोल फिरायला लागलं.

"बसा. अपडेट होऊन राहिलं."

"ताई, पत्रिका आजच वाटायच्या आहेत हो," मुलगा रडवेला झाला. "आताच कसं आलं हे, आपोआप?"

"आपोआप नाही," ताई म्हणाली. "यावेळी मी दाबलं."