भीत कापायची तर

झिरी मारायची मशीन मागितली की भाभी ती खालच्या फळीवरून काढायच्या, पदरानं पुसायच्या, काउंटरवर ठेवायच्या आणि तिच्यावर हात तसाच दाबून धरून विचारायच्या, “भेव लागते का?”

लागते म्हटलं की हात उचलला जायचा. नाही म्हटलं की मशीन परत फळीवर.

झिरी म्हणजे वायरचा पाइप गाडायला भिंतीत कापतात ती लांब खाच. तुमच्या घराच्या भिंतींतही अशा झिऱ्या आहेत; वरून प्लास्टर आणि रंग चढला की त्यांची कोणी आठवण काढत नाही. मी गोंदियात वायरमन आहे आणि अर्धी हयात याच कामात गेली. हत्यारं भाभींच्या दुकानातून भाड्यानं आणायचो. पुढे दुकान, मागे घर. गल्लीतले झाडून सगळे त्यांना भाभीच म्हणत. दुकानाच्या पाटीवर नाव होतं ते नवऱ्याचं, आणि तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

एकदा एक नवा ठेकेदार आला. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. भाभींनी नेहमीचा प्रश्न विचारला तर तो म्हणाला, “डर? मैं तो चालू लाइन पे हाथ डालता हूँ, भाभी.”

भाभींनी मशीन उचलली. “भेव नाई लागत त नागझिऱ्याले जा बाप्पा. तेथं वाघ मोजाले मानसं पायजेत.”

तो रिकाम्या हातानं गेला. आम्ही बाकीचे बाकावर बसून पोट धरून हसलो.

त्या प्रश्नाच्या आधी भिंतीची चौकशी व्हायची, सोयरीक जमवताना करतात तशी. किती जुनी? विटा कशात बसवल्या, सिमेंटात की मातीत? पलीकडे कोण राहतं? भिंत नवी असली तर दोन पात्यांची मशीन मिळायची. तिची दोन्ही पाती सोबत फिरतात, झिरीच्या दोन्ही कडा एकदम कापल्या जातात आणि मधलं तेवढं छन्नीनं उडवायचं. मातीच्या जोडाईची जुनी भिंत असली तर मशीनच्या हादऱ्यानं ती अंगावर यायची, म्हणून छन्नी आणि हातोडा. एका पात्याचा साधा ग्राइंडर हातातून उसळतो; तो मागितला की त्यांचा चेहरा उतरायचा. आमच्याकडे भिंतीला बोलताना भीतच म्हणतात. भाभी म्हणायच्या, “भीत कापाची त भीतभीतच कापाची.”

आम्ही वायरमन लोकांनी उत्तर पाठ करून टाकलं होतं. “लागते भाभी, लय लागते,” असं पोपटासारखं म्हणायचं आणि मशीन उचलायची. भीती वगैरे कोणाला नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

दिवस मावळला की त्यांचा फोन यायचा. “हात जागेवर हायेत ना?” बस्, एवढंच. मशीनचं नावसुद्धा नाही. म्हातारी मशीनच्या काळजीला हातांचं निमित्त करते, असं मी चारचौघांत सांगायचो.

एकदा विचारलंच, “भाभी, तुमाले एवढं भेव कायचं?”

“आमचे हे वायरमनच होते ना गा. त्याह्यले कायचंच भेव नवतं. पायात चप्पल नाई, खिशात टेस्टर नाई. मी दुकानात बसून दिवसभर भेऊन राहत होती.”

“मग?”

“मग का? रोज घरी आले. गेले ते तापानं, आपल्या खाटेवर. करंटनं नाई.” त्यांनी फळीवरची एक छन्नी पुसायला घेतली. “कोनी तरी भ्यालंच पायजे गा. मी भेत होती म्हनून ते घरी येत होते.”

मी हसलो. एक माणूस दुकानात बसून घाबरतो आणि दुसरा माणूस गावभर सुखरूप फिरतो, हे गणित कोणाला पटेल?

मग भाभींच्या स्वतःच्या भिंतीची पाळी आली. मुलगा पुण्याला, त्यानं आईसाठी एसी पाठवला. मे महिन्यातलं गोंदिया ज्यांनी सोसलंय त्यांना कारण विचारावं लागणार नाही. एसीसाठी नवी जाड वायर हवी, म्हणजे बैठकीतल्या भिंतीला झिरी मारणं आलं. भाभींनी मला बोलावलं. मी मशीनकडे हात केला.

“भेव लागते का?”

“लागते भाभी, लय लागते.”

“खोटं. दात दिसून राहिले तुये.” त्यांनी छन्नी आणि हातोडा पुढे केला. “या घरचं वायरिंग ह्याह्यनंच केलं. पाइप वाचवाले तिरपा नेत होते ते. कोन्त्या भितीतून कसा नेला, मले मालूम नाई.”

वायरमन पाइप सरळ उभा नेतो नाहीतर सरळ आडवा, म्हणजे पुढच्या माणसाला तो कुठे असेल ते कळतं. तिरपा नेणारा माणूस पुढच्याला खड्ड्यात घालतो. तरी मी मनातल्या मनात चरफडलो. मशीननं घटकाभरात झालं असतं ते काम आता दिवसभर पुरणार होतं.

घराच्या दारात मी चप्पल काढली. भाभींच्या घरात चप्पल घालून कसं जाणार? भाभींनी धूळ बसावी आणि मला गार वाटावं म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं. मग मेन स्विच बंद केला आणि तिथेच हात ठेवून उभ्या राहिल्या. मेन बंद म्हटल्यावर मी टेस्टरही काढला नाही. थोड्या थोड्या वेळानं त्या ओरडायच्या, “थांब!” मी थांबायचो. काहीच नसायचं. “भेव लागलं गा,” म्हणायच्या. मी पुन्हा ठोकायला लागायचो.

भिंतीच्या मध्यावर छन्नीचा आवाज बदलला. विटेचा कोरडा आवाज जाऊन पोकळ आवाज आला. राखाडी पाइप दिसला, चांगला तिरपा, कोपऱ्यातून वर चढत गेलेला. त्याला तडा गेला होता आणि आत लाल वायर दिसत होती. एका जागी तिची साल निघून आतलं तांबं उघडं पडलं होतं. मेलेली वायर आहे, ओढून बाजूला करू, म्हणून मी दोन बोटं आत घालायला पुढे केली.

“थांब!” भाभी ओरडल्या.

या वेळी मी चिडून वळलो. “काऊन?”

“वर मिक्सर सुरू हाये.”

मी कान दिला. माडीवर भाडेकरीण राहत होती, तिचा मिक्सर घरघरत होता. आमचा मेन बंद, आणि वर मिक्सर! माडीचं मीटर वेगळं होतं. तिची वायर जिन्यातून गेली असणार असं मी धरून चाललो होतो. आता खिशातून टेस्टर काढून त्या तांब्याला टेकवला, तर तो लखकन पेटला.

तेव्हा मला माझे पाय दिसले. अनवाणी, ओल्या फरशीवर. बोटांना विटेची धूळ आणि घाम. आत घातली असती तर मी तिथेच चिकटलो असतो, आणि मला सोडवायला एक म्हातारी बाई, तीही ओल्या फरशीवर. छन्नी हातातून गळाली. मी दारापर्यंत गेलो, चप्पल घालायला वाकलो आणि तसाच उंबरठ्यावर बसलो. इतक्या वर्षांत मी असा कधी घाबरलो नव्हतो.

भाभी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “भेव लागते का?”

मी नुसती मान डोलावली.

त्या दुकानात गेल्या, दोन पात्यांची मशीन घेऊन आल्या आणि माझ्या पायाशी ठेवली. “घे. आता नेत जाजो.”

त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. माडीचं मीटर बंद करून, चप्पल घालून, उरलेली झिरी छन्नीनंच मारली. भाभी सारा वेळ तशाच उभ्या होत्या.

भाभी गेल्या थंडीत वारल्या. मुलानं हत्यारं विकून टाकली आणि दुकान भाड्यानं दिलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.

परवा सालेकशात एका शाळेच्या नव्या खोलीचं काम मिळालं. मशीन आणायला मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं आधार कार्डाचा फोटो काढला आणि मशीन पुढे सरकवली. मी उभाच राहिलो.

“और कुछ?”

“भेव लागते,” मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. “डर लगता है तो मत लो, भैया. जबरदस्ती है क्या?”

मशीन घेतली. सालेकशाला पोचलो, भिंतीवर रेघ आखली, मशीनसाठी शेजारच्या घरातून लाइन ओढली, शाळेचा मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिला, दुसरं मीटर नाही ना ते दोनदा विचारलं. चप्पल पायात होती. तरी हात मशीनच्या बटणावर जाईना. आज दिवस मावळल्यावर कोणाचा फोन येणार नव्हता. मी भिंतीशी एकटा होतो, आणि गावात कुठे कोणी माझ्यासाठी घाबरून बसलेलं नव्हतं.

मी घरी बायकोला फोन लावला.

“काऊन जी? या टाइमले कसा फोन केला?”

“काही नाही. दिवस मावळला की मले एक फोन करत जा. हात जागेवर हायेत का, एवढंच इचारत जा.”

“कायले?” तिचा आवाज चढला. “का झालं? कोठी हा तुमी? बोला ना जी! काही लागलं का तुमाले?”

ती घाबरली होती. चांगलीच घाबरली होती. मी “काही नाही” म्हणून फोन ठेवला आणि मशीन सुरू केली.