सरासरी सरांचे अंदाज

सरांना "चहा घेणार का?" असं विचारलं की ते म्हणत, "शक्यता दाट आहे." ते सरळ "हो" म्हणाल्याचं मला आठवत नाही आणि त्यांनी कधी चहा नाकारल्याचंही आठवत नाही. माजलगावच्या एका कॉलेजात त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं. वर्गात पोरं कधी असत, कधी नसत. सरांच्या मते ती सरासरीनं नेहमीच असत. त्यामुळं गावात त्यांचं नाव पडलं सरासरी सर.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजारपेठ सुधारायला घेतली आणि सुरुवात आमच्या कापडाच्या दुकानापासून केली. कपाळावर भस्माचे पट्टे आणि काखेत लॅपटॉप घेऊन ते सकाळीच गादीवर येऊन बसत. आमची जुनी विक्री त्यात भरत आणि पुढच्या हंगामात काय खपेल याचा रंगीत आलेख आप्पांपुढं, म्हणजे माझ्या वडिलांपुढं, धरत. आप्पांनी जन्मात आईचा सल्ला मानला नव्हता. रंगीत छपाईपुढं मात्र ते लगेच मान डोलवत.

पहिल्याच वर्षी सरांचा अंदाज जमला. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्याआधी ब्लँकेटं भरून ठेवा, असं ते म्हणाले. आप्पांनी भरली आणि सगळी खपली. हे सांगायला लॅपटॉप कशाला हवा होता, असं कुणीच विचारलं नाही. सरांनी रिकाम्या मांडणीपुढं उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो सगळ्या पेठेच्या व्हॉट्सॲपवर टाकला. मग प्रत्येक दुकानदार त्यांना बोलवायला लागला आणि सरांनी प्रत्येकाला तोच आलेख दिला. पुढच्या वर्षी माजलगावात माणसांपेक्षा ब्लँकेटं जास्त झाली. उन्हाळा लागला तरी दुकानादुकानांत त्यांचे ढीग होते. आप्पांनी जाब विचारला तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "मागणीचा अंदाज अचूक होता, आप्पा. दुकानं किती आहेत, हे मला कुणी विचारलंच नाही."

जे आलेखात बसत नाही ते काढून टाकायची त्यांना फार हौस. "अपवाद आहे, वगळा," हे त्यांचं पेटंट वाक्य. एका लग्नात त्यांचा सख्खा मेव्हणा पिऊन मांडवात आडवा झाला, तेव्हाही सर वऱ्हाड्यांना हेच सांगत होते. दुकानात मात्र ही सवय आम्हाला भोवली. त्या वर्षी अधिक महिना होता. आप्पा चाचरत म्हणाले, "सर, औंदा धोंड्याचा महिना हाय. लोक जावयाला कपडे करतेत. माल भरावा का?"

"मागच्या धोंड्याची विक्री मी काढून टाकली आहे," सर म्हणाले. "तीन वर्षांतून एकदा येणारी गोष्ट म्हणजे अपवाद. वगळा. या महिन्यात मंदी आहे."

आप्पांनी माल भरला नाही. मग तालुक्यातल्या सगळ्या सासवा आमच्या दुकानात आल्या, रिकाम्या फळ्या बघून परत फिरल्या आणि समोरच्या दुकानात शिरल्या. महिना सरत आला तेव्हा सर सासुरवाडीत धोंडे जेवून आले, तेही कडक नव्या शर्ट-पँटमध्ये. आप्पांनी शर्टाची बाही चिमटीत धरून बघितली.

"सर, ह्यो समोरच्या दुकानातला हाय न्हाई का?"

"शक्यता दाट आहे," सर म्हणाले. "सासूबाई इथं आल्या होत्या. तुमच्याकडं मालच नव्हता."

तरी त्यांचं येणं थांबलं नाही. शेवटी एका सकाळी ते आले ते नुसता एक कागद घेऊन. त्यावर एकच रेघ होती, डावीकडून उजवीकडं उतरत गेलेली. चहा आला, त्यांनी तो बाजूला सारला.

"आप्पा, हंगाम मला कळत नाहीत, हे मला माहीत आहे. पण ही तुमच्या ताग्याच्या कापडाची विक्री आहे. दसरा असो, लग्नसराई असो, रेघ खालीच जाते. पोरं तयार कपडे घेतात, मोबाईलवरनं मागवतात. कापड बंद करा, तयार माल ठेवा."

आप्पांच्या हातात कात्री होती. कापड फाडत जन्म काढलेला माणूस. त्यांचा आवाज चढला. "माझ्या बापाचं दुकान हाय हे. तुमच्या रेघेसाठी बंद करू कावून? उठा सर."

सर उठले आणि चपला घालून निघून गेले. पुढं मुलाकडं पुण्याला राहायला गेले. आप्पांनी हट्टानं तागे भरले. ते फळीवरच विटले. अखेर मी कापड बंद करून तयार कपडे ठेवले, आणि त्या दिवसापासून आप्पांनी दुकानाची पायरी चढली नाही. घरी बसतात. कुणी आलं की त्याच्या शर्टाचं कापड चाचपतात.

मी सरांना फोन केला. "सर, कापड बंद केलं. तुमचा अंदाज खरा ठरला."

मला वाटलं, आता फोटो मागतील. पण सरांनी विचारलं,

"आप्पा कसे हायेत?"

मी सांगितलं.

"जन्मभर चुकलो," सर म्हणाले. "एवढं एक चुकलं असतं, तर काय बिघडलं असतं रे?"