पूर्ण नाव सांगा

लालबागेत आमच्या चाळीखाली उभं राहून कुणी ओरडलं, "नलूताई, मनूने निरोप पाठवलाय," की वरच्या गॅलरीतून पहिला प्रश्न येतो, "कोण मनू? पूर्ण नाव सांग." आमच्या चाळीत मनू एकच. ती नलूताईच्या समोरच्या खोलीत राहते, तिच्या बारशाला पाळणासुद्धा नलूताईनेच म्हटलेला. तरी पूर्ण नाव पाहिजे म्हणजे पाहिजे.

ही सवय नोकरीतली. परळच्या एका मोठ्या इस्पितळात नलूताईने एकतीस वर्षं काढली, आधी केसपेपरच्या खिडकीवर आणि नंतर रेकॉर्ड रूममध्ये. तिथे एकदा एकाच वॉर्डात दोन सुंदराबाई होत्या आणि एकीचं रक्त दुसरीला चढता चढता राहिलं. हा किस्सा तिने आम्हाला शंभर वेळा ऐकवलाय. शामराव, म्हणजे तिचे यजमान, गिरणी बंद पडल्यावर घरी बसले. तेव्हापासून घर तिनेच ओढलं. शामराव गेल्यावर तिने मुलाला शिकवलं, तो बंगळुरूला गेला, आणि निवृत्तीनंतर ती संध्याकाळी गॅलरीत बसून खाली आमच्या क्रीडा मंडळाच्या मॅटवर मुलींची कबड्डी बघू लागली. स्वतः लहानपणी फ्रॉकवर खेळलेली, त्यामुळे मध्येच वरून "पाय, पाय धर तिचा!" असं ओरडायची.

मी तिची नक्कल फार छान करायचो. मंडळाच्या स्नेहसंमेलनात चष्मा नाकावर ओढून मी "पूर्ण नाव?" म्हटलं की लोक हसून लोळायचे. ती पहिल्या रांगेत बसून बघायची आणि नंतर एवढंच म्हणायची, "आवाज जरा खाली घे, मी एवढी किंचाळत नाही."

आता माझं पूर्ण नाव. अभय शांताराम घाडी, मंडळाचा सरचिटणीस, गेली बावीस वर्षं. खेळाडू म्हणून माझी कारकीर्द तीन सामन्यांची. तिन्ही सामन्यांत मी पहिल्याच चढाईत बाद झालो, त्यातल्या एकात तर कुणी हात लावायच्या आत. माझी खरी गरज प्रशासनात आहे, हे त्यानंतर सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

प्रशासनात मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मिटवणं. मंडळात कुणाचंही भांडण झालं की मी चहा आणि दोन प्लेट कांदाभजी मागवायचो, दोघांना एका बाकावर बसवायचो आणि सभेच्या वहीत लिहायचो, "सदर विषय आपसात मिटला." माझी बायको मालन म्हणायची, "अहो, तुमच्या वहीत कधी काही घडतच नाही का?"

दुसरी गोष्ट म्हणजे मामा. आठ वर्षांपूर्वी मुलींचा संघ सुरू झाला तेव्हा मी ठराव मांडला, की मुलींनी मंडळातल्या पुरुषांना सर म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. सर म्हटलं की अंतर पडतं, मामा म्हटलं की घरचं वाटतं, असं माझं भाषण झालं. ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून मंडळात तीन मामा होते. जगदीशमामा प्रशिक्षक. रघुमामा संघाचा व्यवस्थापक, म्हणजे औषधांची पेटी, प्रवास आणि स्पर्धेआधी मुलींची वजनं घेणं हे त्याच्याकडे. आणि तिसरा अभयमामा, म्हणजे मी.

मग असोसिएशनचं पत्र आलं, की प्रत्येक मंडळात तक्रार समिती हवी आणि तिच्यात बाहेरची बाईमाणसं हवीत. मी दादरच्या एका शाळेत पीटी शिकवणाऱ्या वैशालीबाईंना घेतलं आणि नलूताईला घेतलं. नलूताईला का, तर वरच राहते, हाक मारली की खाली येते, सही करते. अध्यक्ष अर्थातच मी. तक्रारींसाठी निळी पेटी आणली आणि ऑफिसात माझ्या फोटोखाली टांगली. दोन वर्षांत तिच्यात बिस्किटाचे कागद सोडून काही पडलं नव्हतं, आणि हे मी भाषणांत मंडळाचं यश म्हणून सांगायचो.

जिल्हा संघाच्या निवड चाचणीला बारा दिवस असताना पेटीत एक चिठ्ठी निघाली. खाली अक्षताची सही होती. अक्षता एकोणीस वर्षांची, वरळीच्या बीडीडी चाळीतली, आमची सगळ्यात चांगली चढाईपटू. चिठ्ठीत लिहिलं होतं, "मामा नको तिथे हात लावतात. मी दोनदा नको म्हणून सांगितलं. मला खेळणं सोडायचं नाही. काहीतरी करा."

मी चिठ्ठी दोनदा वाचली. पण माणूस कोण, याचा मला क्षणभरही प्रश्न पडला नाही. जगदीश! तो मुलींवर ओरडतो, पकड शिकवताना मनगट धरतो. शिवाय महिन्यापूर्वी माझं भाषण चालू असताना तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आटप रे भाषण, पोरी थंड पडतत." तीन मामांपैकी मी स्वतःला वगळलं, कारण मी मी होतो. रघुला वगळलं, कारण मॅट त्याच्या ओळखीने आली होती. उरला जगदीश.

अक्षताला विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. पण असल्या गोष्टी मुलीला परत परत विचारून त्रास देऊ नये, असं मी कुठल्याशा फॉरवर्डमध्ये वाचलं होतं. म्हणून मी एकदाही विचारलं नाही.

जगदीशला फोन लावला. "उद्यापासून मैदानावर येऊ नको."

"कित्या?"

"ते तुला माहीत आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मग ग्रुपवर टाकलं, "काही अप्रिय कारणास्तव श्री. जगदीश यांना प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात येत आहे. मंडळ आपल्या लेकींच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहे." शेवटी सिंहाचं चित्र. एक्केचाळीस अंगठे आले. संध्याकाळपर्यंत कारण चिवडा गल्लीपर्यंत पोचलं होतं. जगदीशची श्रेया दहावीत आहे, तिला दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मुलींनी विचारलं, तुझ्या पप्पांनी काय केलं ग.

आणि अक्षताच्या सुरक्षेचं काय? तेही मी बघितलं. सराव संपला की ती एकटी बसने वरळीला जाते, वाटेत जगदीशने गाठलं तर? मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून रघुमामा अक्षताला स्कूटरवरून घरी सोडतील."

ती म्हणाली, "नको मामा, मी जाईन बसने."

"अगं, लाजतेस काय? घरचेच आहेत."

त्या दिवशी ती स्कूटरवर बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, भाऊ न्यायला येणार आहे. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. चौथ्या दिवशीही नाही. मी हजेरीच्या वहीत लिहिलं, "धक्क्यातून सावरत आहे."

चौथ्या दिवशी संध्याकाळी नलूताई चष्मा आणि दोनशे पानी वही घेऊन खाली आली. ती ग्रुपवर नाही, तिला सगळं मनूकडून कळलं होतं.

"समितीची सभा कधी झाली?"

"सभा कशाला? मिटवलं मी."

"मुलीशी कोण बोललं?"

"लिहिलंय ना तिने. मामा म्हणून."

"मामा कोण? पूर्ण नाव काय?"

मला हसू आलं. सवयीने हात चष्मा ओढायला नाकाकडे गेला. मग तो तिथेच राहिला.

"मामा तीन आहेत," नलूताई म्हणाली. "त्यातला एक तू. समितीतून बाजूला हो आणि पेटीची चावी दे."

माझे कान तापले. मी? माझ्यावर? मी तिला बावीस वर्षांची सेवा सांगितली, गळ्यातली तुळशीची माळ दाखवली, स्वतःला मुलगी नसतानाही मुलींबद्दल मला काय वाटतं ते सांगितलं. "कुणालाही विचार माझ्याबद्दल!" मी ओरडलो.

"विचारणारच आहे. तुला पण विचारीन. चावी दे."

घरी गेलो. मालनने ताट वाढलं आणि खाली बघत म्हणाली, "तुम्ही काही केलं नाहीत ना?" एवढंच. तिला खात्री होती, तरी विचारलं. आणि मग मला जगदीश आठवला, चार दिवसांनी, पहिल्यांदा. त्याला तर मी एवढंही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नलूताई आणि वैशालीबाई वरळीला गेल्या. अक्षताच्या आईसमोर बसून, मध्ये न बोलता, तिचं सगळं एकदाच ऐकलं, तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली, मग सही. पोलिसांकडे जायचं असेल तर मी बरोबर येते, असं नलूताईने तिला सांगितलं. ती म्हणाली, आधी चाचणी होऊ दे, मग ठरवते.

त्या कागदावर नाव होतं, रघुनाथ सखाराम तोरसकर. वजनाचा काटा सामानाच्या खोलीत असतो. तो दार लोटून घ्यायचा.

वैशालीबाईंनी मला फक्त नाव सांगितलं. मी बाह्या सरसावून निघालो. रघुची स्कूटर फोडायची, मग रघुला. नलूताईने जिन्यातच अडवलं.

"बस खाली. एकाला न विचारता बाहेर काढलंस, आता दुसऱ्याला?"

"पण नलूताई, हा खरा आहे!"

"चार दिवस जगदीशही खराच होता तुझ्यासाठी."

मी पायरीवर बसलो. मला तिचा भयंकर राग आला होता. असल्या माणसाला कसली संधी द्यायची? पण पायरीवरून उठलो नाही.

तिने रघुला पत्र दिलं. तक्रार काय आहे ते स्पष्ट लिहून. चौकशी संपेपर्यंत मैदानावर यायचं नाही, मुलींना फोन करायचा नाही, आणि ही शिक्षा नाही. सात दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, बरोबर कुणालाही आणायचं. तो मेव्हण्याला घेऊन आला. पोरी काहीही बोलतात, दार वाऱ्याने लागतं, असं म्हणाला. नलूताईने तेही एकेक शब्द लिहून घेतलं, अक्षताचं लिहिलं होतं त्याच स्वच्छ अक्षरात, आणि वाचून दाखवलं. मग खोलीचं दार बघितलं. ते आतून ओढल्याशिवाय लागत नाही. आणखी दोन मुली आपणहून बोलल्या. समितीने निर्णय दिला, रघुला काढला, कागद असोसिएशनकडे गेले. नलूताईने जिथे जिथे माणसाचा उल्लेख होता तिथे पूर्ण नाव लिहिलं होतं. मामा हा शब्द फक्त अक्षताच्या चिठ्ठीत राहिला.

जगदीशकडे मी पाचव्या दिवशीच गेलो होतो. त्याच्या बायकोने दार उघडलं, पाणी विचारलं नाही. मी माफी मागितली. ग्रुपवर पुन्हा लिहिलं, माझी चूक, पूर्ण नावानिशी. यावेळी नऊ अंगठे आले. जगदीश पंख्याकडे बघत म्हणाला, "तू माका एकदा तरी इचारलंस?"

मी निघायला उठलो, तेव्हा तो म्हणाला,

"मी येतंय मैदानावर. पोरींसाठी. तुझ्यासाठी नाय."

अक्षता सहाव्या दिवसापासून मॅटवर परत आली. चाचणीत तिचं नाव राखीव खेळाडूंत लागलं. मधले दिवस फुकट गेले नसते तर वर लागलं असतं, असं जगदीश म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

सगळं पार पडल्यावर मी सभेची वही उघडली. "सदर विषय" एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात नलूताई आली आणि तिने एक पाकीट पुढे केलं. वर लिहिलं होतं, श्री. अभय शांताराम घाडी. आत अक्षताच्या जबाबाचा शेवटचा परिच्छेद होता.

"तक्रार दिल्यावर मला कुणी काही विचारलं नाही. ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्यांच्याच स्कूटरवर मला बसवलं. मी नको म्हटलं होतं. मी पुढच्या सिग्नलला उतरून चालत घरी गेले. त्यानंतर मी ठरवलं होतं की खेळणं बंद. ही माझी अभय घाडी यांच्याबद्दल तक्रार आहे."

"सात दिवसांत लेखी दे," नलूताई म्हणाली. "बरोबर कुणाला आणायचं असेल तर आण."

पहिल्या दिवशी मी चार पानं लिहिली. मालन वाचून म्हणाली, "यात तीन पानं तुमची कामगिरीच आहे." दुसऱ्या दिवशी दोन पानं झाली. त्यात 'हेतू' हा शब्द सहा वेळा होता, तो काढला तर अर्धं पान उरलं. सातव्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो. कुणालाच बरोबर नेलं नाही. नलूताई गॅलरीत बसली होती, खाली मॅटवर सराव चालू होता. मी कागद तिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावून वाचला. वाचायला वेळ लागला नाही, एकच ओळ होती. "मी तिला विचारलं नाही, आणि ती नको म्हणाली ते ऐकलं नाही."

"आणखी काही म्हणायचंय?"

"नाही."

तिने कागद माझ्याकडे परत केला आणि पेन दिलं.

"मग खाली सही कर. पूर्ण नाव."